बाबा, जायचे कुठे?

चिनी भाषेत वडिलांना ‘बाबा’ म्हणतात. आपल्या भाषेशी त्या भाषेचे काही नाते नाही. तान्ह्या मुलाच्या ओठांना जे वर्ण आधी साधतात त्यांतूनच जगातील अनेक भाषांनी आई-बापांची नावे घडवली, एवढाच त्यातला अर्थ. तरीही ‘बाबा च्यू नार’ हे तीन शब्द एखाद्या चिनी मुलाच्या तोंडून ऐकताना पहिल्या शब्दापुरती तरी मराठी कानाला दुभाष्याची गरज वाटत नाही. याच नावाची एक कार्यक्रममाला चीनच्या हूनान प्रांतातील दूरचित्रवाणीने ११ ऑक्टोबर २०१३ पासून दर शुक्रवारी दाखवली. २७ डिसेंबरला तिचा बारावा भाग झाला, तेव्हा हे तीन शब्द त्या अफाट देशात घरोघरी झाले होते. मूळ कल्पना दक्षिण कोरियाची. त्याच वर्षाच्या जानेवारीत तेथे सुरू झालेल्या कार्यक्रमाचे हक्क घेऊन हा चिनी अवतार सिद्ध झाला.

योजना साधी होती. पाच नामवंत बाप आणि त्यांची चार ते सहा वर्षांची पाच मुले दूरच्या एखाद्या खेड्यात जायची. आईने घरीच राहायचे. बहात्तर तास मुलाचे खाणे, झोपणे, रडणे, आंघोळ, सारे बापाने एकट्याने निभवायचे. गावात पाऊल टाकताच मुलांची खेळणी, खाऊ आणि विजेवर चालणारी सारी करमणूक ‘गावच्या मुखिया’च्या स्वाधीन करायची. आपल्याकडे ज्याला पाटील म्हटले असते, त्याची ही भूमिका सूत्रसंचालक ली रुई यांनी केली. मग खेळ सुरू व्हायचे. मुलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून भाजीपाला मागून आणायचा, बापांनी चूल पेटवून त्याचा स्वयंपाक करायचा, आणि वाट्याला आलेल्या घरात, मग ते कसेही असो, रात्र काढायची.

पाच बापांत नट ग्वो ताओ होते, तैवानचे गायक आणि मोटारशर्यतपटू लिन झियिंग होते, चित्रपट-दिग्दर्शक वांग युएलुन होते, वस्त्रप्रदर्शनांतील मॉडेल झांग ल्यांग होते, आणि सिडनी व अथेन्स अशा दोन ऑलिंपिकांत उंच फलाटावरून सूर मारून सुवर्णपदके मिळवणारे त्येन ल्यांग होते. दहा मीटर उंचीवरून पाण्यात झेपावताना ज्याचे काळीज हलले नाही, त्या या वीराची पहिल्याच गावात रडू न आवरणाऱ्या स्वतःच्या मुलीपुढे जी त्रेधा उडाली, ती पाहून प्रेक्षक हसले आणि मनातल्या मनात ओशाळलेही. दिग्दर्शकाला लेकीची वेणी घालता येईना. मॉडेल मात्र उत्तम स्वयंपाकी निघाला. बाप होणे ही विद्या आहे आणि ती कोणत्याही कीर्तीबरोबर फुकट मिळत नाही, हे या मालेने हसतखेळत दाखवले. तिच्या लोकप्रियतेचे रहस्य तेच होते.

पण ही माला उपशीर्षकांच्या आधाराने पाहत असताना माझे लक्ष हळूहळू बापांवरून आणि बाळांवरून सुटून त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गावांकडे जाऊ लागले. बारा भागांत सहा ठिकाणे आहेत. चीनच्या नकाशावर ती क्रमाने जोडली, तर राजधानीच्या डोंगरांपासून वाळवंट, दक्षिणेची तळी, पिवळा समुद्र, भातखाचरे आणि उत्तरेचे हिमारण्य असा एका खंडप्राय देशाचा प्रवास होतो. तो मी पायांनी केलेला नाही, डोळ्यांनी केला आहे. वाचकांनी त्याच बेताने माझ्याबरोबर यावे.

पहिला मुक्काम लिंगश्वे. बीजिंग महानगराच्या पश्चिमेला मेनतोगौ भागातील डोंगरांत हे जुने दगडी गाव आहे. मिंग आणि छिंग या राजवटींच्या काळची चौकाची घरे तेथे अजून उभी आहेत. या गावाची ख्याती मात्र घरांहून मोठी आहे. राजदरबारच्या परीक्षांची ती प्राचीन चिनी परंपरा प्रसिद्धच आहे. तिच्यातील प्रांतिक परीक्षा उतरलेल्या विद्वानाला ‘च्यूरेन’ म्हणत. या एवढ्याशा गावाने असे बावीस च्यूरेन दिले, आणि दोघे तर सर्वोच्च परीक्षेपर्यंत पोचले, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. म्हणून त्याला ‘च्यूरेनांचे गाव’ हेच नाव पडले. शरद ऋतूच्या आरंभी गावकरी घरोघरचे धान्य एकत्र करून मोठ्या कढयांत पेज शिजवतात आणि सारे मिळून खातात. दुष्काळात भुकेल्यांना पेज घालणाऱ्या एका कुटुंबाची ती आठवण आहे. विद्या आणि अन्न या दोन्ही गोष्टी वाटून घेणारे हे गाव शहरातल्या पाच मुलांना पहिला धडा द्यायला निवडले गेले, ही निवड मला फार समर्पक वाटली.

दुसरा मुक्काम पार पश्चिमेला, निंगश्या प्रदेशातील शापोतौ. तेंगर वाळवंटाच्या वाळूच्या टेकड्या येथे थेट पीत नदीच्या पात्रापर्यंत उतरतात. मेंढीच्या सबंध कातड्यांत हवा भरून, ती लाकडी चौकटीखाली बांधून केलेले तराफे या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. पण शापोतौचे खरे वैभव तिच्या वाळूवर आखलेले आहे. १९५८ साली बाओतौ ते लान्चौ हा लोहमार्ग सुरू झाला तो या वाळूतून. वारा सुटला की वाळू रुळांवर चढे. तेव्हा माणसांनी गव्हाचे काड आणून ते फावड्याने वाळूत खोचले आणि मीटरभर लांबी-रुंदीचे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे, टेकडीमागून टेकडीवर पसरले. वितभर उंचीचे ते काड वाऱ्याचा वेग मोडते, चौकोनात वाळू निजते, तिच्यावर हळूहळू एक कवच धरते आणि मग झुडपे मूळ धरतात. डोंगराएवढ्या संकटाला काडीएवढ्या वस्तूने आवर घालणारी ही युक्ती पुढे जगभर अभ्यासली गेली.

तिसरा मुक्काम दक्षिणेत, युन्नान प्रांतातील पुझेहेई. हे नाव चिनी नव्हे; यी नावाच्या जमातीच्या भाषेत त्याचा अर्थ ‘मासे आणि कोळंबी यांनी भरलेले तळे’. सपाट भूमीतून एकाएकी उगवलेले चुनखडीचे सुळके, त्यांच्यामध्ये तळ्यांची साखळी, आणि तळ्यांतून पसरलेली कमळे. वाळवंटातून एकदम येथे आल्यावर डोळे निवतात. चित्रीकरणाच्या वेळी हा मुलूख आडबाजूचाच होता. २८ डिसेंबर २०१६ रोजी नानिंग-कुनमिंग द्रुतगती लोहमार्गाचा येथून जाणारा टप्पा सुरू झाला आणि तळ्याच्याच नावाचे स्थानक झाले.

चौथा मुक्काम शानतुंग प्रांताच्या टोकाशी, पिवळ्या समुद्रातील जीमिंग बेटावर. जीमिंग म्हणजे कोंबड्याची बांग. बेटाचा विस्तार जेमतेम पाऊणशे एकर. या किनाऱ्यावरची जुनी घरे दगडी भिंतींची आणि समुद्रगवताने शाकारलेली असतात. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले हे गवत वाळवून त्याचे जाड थर छपरावर रचतात. त्यातील क्षारांमुळे ते लवकर कुजत नाही की त्याला कीड लागत नाही. घर हिवाळ्यात उबदार, उन्हाळ्यात थंड, आणि छप्पर दोन-दोन पिढ्या टिकणारे! आता समुद्रातील त्या गवताची कुरणेच विरळ झाली आहेत आणि छप्पर शाकारणारे हातही म्हातारे झाले आहेत. बेटावर राहणारी माणसे तर बहुतांशी वृद्धच. पडद्यावर ती पाच मुले बेटाच्या गल्लीतून धावत जातात, तेव्हा दारात बसलेले आजी-आजोबा ज्या नजरेने त्यांच्याकडे पाहतात, ती नजर अभिनयाची नाही.

तेथेच मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की या गावांतली मुले आणि त्यांचे बाप कुठे आहेत?

पाचव्या मुक्कामाला हा प्रश्न अधिकच टोचू लागतो. हूनान प्रांतातील पिंगजियांग या डोंगराळ तालुक्यातील बाइसी गाव. भातखाचरे, बांबूची बने, मातीच्या वाटा. ज्या मिलुओ नदीत महाकवी छ्यू युआनने देह ठेवला, ती याच तालुक्यातून वाहते. आजच्या चिनी मुलांना हा तालुका दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. ‘लातियाओ’ नावाच्या तिखट, तेलकट, चिवट पट्ट्या शाळेच्या फाटकाशी पोरे आवडीने चघळतात, त्या मूळच्या येथल्या. सोयाबीनच्या शिळ्या उद्योगावर हा तालुका जगत होता. १९९८ च्या महापुरानंतर सोयाबीन महाग झाले, तेव्हा कारागिरांनी गव्हाच्या पिठावर तीच हातोटी चालवली. आणि मग गहू जेथे पिकतो त्या हेनान प्रांतात जाऊन पिंगजियांगच्या माणसांनी कारखाने काढले. चव जन्मली या डोंगरात, आणि ती रांधायला माणसे शेकडो मैल दूर गेली.

शेवटचा मुक्काम उत्तरेच्या टोकाला, हेलुंगजियांग प्रांतातील ‘श्वेश्यांग’, म्हणजे हिमग्राम. वर्षातील सहा-सात महिने येथे बर्फ असते. लाकडी घरांच्या छपरांवर ते पुरुषभर उंचीपर्यंत साचते आणि कडांवरून पांढऱ्या छत्र्यांसारखे खाली झुकते. परिकथेतले वाटावे असे हे गाव प्रत्यक्षात सरकारी जंगलखात्याच्या लाकूडतोड्यांची वसाहत होते. १ एप्रिल २०१४ पासून त्या प्रांताच्या सरकारी वनांतील व्यापारी वृक्षतोड बंद झाली. मालेचा अखेरचा भाग दाखवला गेल्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

असा हा सहा गावांचा प्रवास. आता त्या तीन शब्दांकडे पुन्हा वळू या. ‘बाबा च्यू नार’ याचा अर्थ आपण सहज ‘बाबा, आपण कुठे चाललो?’ असा करतो. कोरियन नावाचा आशयही तोच. परंतु चिनी शब्दांत ‘आपण’ कोठेच नाही. अक्षरशः पाहिले तर ते एवढेच म्हणतात, ‘बाबा जातात कुठे?’ चिनी क्रियापदाला काळ नसतो. घडून गेलेली गोष्ट सांगायची असेल तर शेवटी ‘ल’ असा एक अर्धवट उच्चाराचा शब्द जोडतात. तो येथे जोडला की त्याच वाक्याचा अर्थ होतो, ‘बाबा गेले कुठे?’ आपल्या ‘गेला’, ‘आला’ यांतही तोच ल-कार भूतकाळ दाखवतो, हा निव्वळ योगायोग. पण मराठीच्या शिक्षकाला तो चटका लावून जातो. शहरातून आलेले मूल हे वाक्य ‘ल’वाचून उच्चारते. त्या सहा गावांतले मूल ते ‘ल’सह उच्चारत असणार.

ही कविकल्पना नव्हे. माला सुरू होण्याआधी पाचच महिने, मे २०१३ मध्ये, अखिल चीन महिला महासंघाचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. २०१० च्या जनगणनेच्या आधारे त्याने सांगितले, की चीनच्या खेड्यांत ६ कोटी १० लाखांहून अधिक मुले अशी आहेत की ज्यांचे आई किंवा बाप, अथवा दोघेही, पोटासाठी दूर गेले आहेत. खेड्यांतील शंभर मुलांमागे हे प्रमाण सदतीसहून अधिक पडते. त्यांतील वीस लाखांहून अधिक मुले तर कोणाही मोठ्या माणसाशिवाय एकटी राहत होती. चिनी भाषेत त्यांना ‘मागे राहिलेली मुले’ म्हणतात. त्याच २०१३ साली, सरकारी आकड्यांप्रमाणे, आपला गावपरिसर सोडून बाहेर कामाला गेलेल्या खेडुतांची संख्या १६ कोटी ६१ लाख होती. पडद्यावर पाच बाप मुलांना घेऊन गावात शिरत होते. पडद्याबाहेर कोट्यवधी बाप मुलांना ठेवून गावातून बाहेर पडले होते.

मुलांना बरोबर का नेले नाही, असे आपल्याला सहज वाटेल. उत्तर एका कायद्यात आहे. १९५८ साली, म्हणजे शापोतौच्या वाळूतून आगगाडी धावली त्याच वर्षी, चीनने ‘हुकौ’ नावाची कुटुंबनोंदणीची पद्धत कायद्याने घट्ट केली. ज्याची नोंद ज्या गावी, त्याची शाळा, त्याचा दवाखाना, त्याच्या सवलती त्या गावी. पुढे माणसांना शहरात जाऊन राबण्याची मोकळीक मिळाली, नोंद मात्र गावातच राहिली. शहरात मुलाला सरकारी शाळेत घालणे कठीण, आणि विद्यापीठप्रवेशाची परीक्षा दीर्घकाळ नोंदीच्या प्रांतातच जाऊन द्यावी लागे. अलीकडे हे नियम पुष्कळ ठिकाणी सैल झाले आहेत. तरी बापाने शहराच्या इमारती बांधायच्या आणि मुलाने आजीपाशी वाढायचे, ही रीत एका पिढीच्या अंगवळणी पडली. कोकणातील चाकरमान्यांची आणि मनीऑर्डरींची कथा ज्यांच्या घरात घडली आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

ज्याचे आयुष्य शाळेत गेले त्याला आणखी एक गोष्ट खुपते. २००० ते २०१० या दहा वर्षांत चीनच्या खेड्यांतील प्राथमिक शाळांची संख्या सुमारे ४ लाख ४० हजारांवरून २ लाख ११ हजारांवर आली. मुले कमी झाली म्हणून लहान शाळा बंद करून मोठ्या शाळांत मिसळण्याचे ते धोरण होते. कोवळी मुले वसतिगृहांत गेली किंवा मैलोन्‌मैल प्रवास करू लागली, आणि अखेरीस २०१२ मध्ये सरकारलाच ही मोहीम थोपवावी लागली. शाळा बंद झालेल्या गावात सकाळी घंटा होत नाही. ज्या गावाला सकाळची घंटा नाही, त्या गावातून तरुण आई-बाप आणखी लवकर निघून जातात, हे कोणत्याही शिक्षकाला सांगता येईल.

मग ही माला खोटी होती काय? मला तसे वाटत नाही. तिने चीनमधील सुस्थित बापांना स्वतःच्या घरात डोकवायला लावले, हे मोठेच काम झाले. गावेही तिने प्रेमाने दाखवली. पण तिच्या यशाबरोबर बाजार आला. पुढच्या हंगामाच्या प्रायोजकत्वासाठी एका दूध-उद्योगाने ३१ कोटी युआनांहून अधिक बोली लावली. गावांवर प्रवाशांची झुंबड उडाली. लिंगश्वेच्या अंगणांत लोक च्यूरेनांची घरे विचारण्याऐवजी कोणता नट कोणत्या खोलीत निजला ते विचारू लागले. हिमग्रामात तर खोल्यांचे आणि जेवणाचे दर असे चढले, की जानेवारी २०१८ मध्ये लुबाडणुकीच्या तक्रारींनी देशभर गहजब झाला. कालचे लाकूडतोडे आज खाणावळवाले झाले होते. कुऱ्हाड गेली होती आणि दुसरे साधन हाती आले होते. त्यांना सरसकट दोष देणे मला जमत नाही. निदान त्या गावातला बाप आपल्याच गावात पोट भरू लागला होता. इकडे नामवंतांच्या मुलांचा बाजार मांडला जातो म्हणून २०१६ मध्ये सरकारने अशा कार्यक्रमांना लगाम घातला, आणि मालेचे पुढचे हंगाम दूरचित्रवाणी सोडून संगणकाच्या जाळ्यावर गेले.

सरकारचे लक्ष मागे राहिलेल्या मुलांकडेही गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांच्या संगोपनाविषयी खास आदेश निघाला. २०२० च्या जनगणनेत खेड्यांतील अशा मुलांची संख्या सुमारे ४ कोटी १८ लाख भरली. दहा वर्षांत ती एक तृतीयांशाने घटली, हे समाधान खरे. पण उरलेला आकडाही एखाद्या मोठ्या देशाच्या लोकसंख्येएवढा आहे.

या मालेच्या पहिल्या हंगामावरून एक चित्रपट निघाला. तेच पाच बाप, तीच पाच मुले. तो ३१ जानेवारी २०१४ रोजी, चिनी नववर्षाच्या पहिल्याच दिवशी, प्रदर्शित झाला. त्या वर्षी नववर्षाच्या मोसमात चीनमध्ये साडेतीन अब्जांहून अधिक फेऱ्यांचा प्रवास झाला. आगगाड्या, बसगाड्या भरभरून माणसे शहरांतून गावांकडे गेली. वर्षातून एकदा, आठ-पंधरा दिवसांसाठी, लिंगश्वेसारख्या डोंगरी गावात, जीमिंगसारख्या बेटावर, पिंगजियांगच्या भातखाचरांकाठी बाप घरी येतात. खांद्यावर गाठोडे, हातात शहरातले खेळणे. वर्षभरात वाढलेले मूल पहिल्या दिवशी त्यांच्याजवळ जात नाही. आजीच्या मागे लपून पाहते. दोन-तीन दिवसांनी भीड मोडते, आणि सकाळी बाप दाराशी जोडा घालू लागला की मूल त्याचे बोट धरून विचारते, ‘बाबा, जायचे कुठे?’ त्या दिवसांत उत्तर सोपे असते: बाजारात, मामाकडे, फटाके आणायला. सण सरल्यावर बाप पुन्हा त्याच दाराशी तोच जोडा घालतो आणि गाठोडे उचलतो. मूल तेव्हाही बोट धरून तेच विचारते.